आधी शोधा, मग विचारा

"आधी शोधा, मग विचारा." हे वाक्य ताईने आजवर किती वेळा लिहिलं असेल, देव जाणे. लिहिलं तरी कसं म्हणायचं? तिने त्याचं एक बटणच करून ठेवलं होतं. बटण दाबलं की वाक्य उमटायचं आणि विचारणाऱ्याचा धागा, म्हणजे त्याच्या प्रश्नाखालची चर्चा, बंद व्हायची. त्याने तोंड उघडायचं आणि हिने दार लावायचं. संपला विषय.

'शाईचे डाग' हा इंटरनेटवरचा फोरम छोट्या छापखानेवाल्यांचा. जुनी मशीनं जिवापाड जपणारी आणि दिवसातून दहादा त्यांना शिव्या घालणारी ही माणसं. कागद अडकला, शाई वाळेना, रोलर कुरकुरायला लागला की इथे येऊन गाऱ्हाणं मांडायची. फोरम सुरू केला अकरा वर्षांपूर्वी ताईच्या वडिलांनी, ताईला हाताशी धरून. बाबा तरुणपणी शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, जुळवायचे, म्हणून फोरमवर त्यांनी 'जुना जुळारी' हे नाव घेतलं होतं. पाच वर्षांपूर्वी ते झोपेतच गेले. छापखाना आला थोरल्या मुलाकडे, म्हणजे ताईच्या दादाकडे, आणि फोरम राहिला ताईकडे. ती शाळेत संगणक शिकवायची, त्यामुळे हे तिला झेपणारं होतं. तिच्याहून कितीतरी मोठे लोकसुद्धा फोरमवर तिला ताईच म्हणायचे, आणि थोडे टरकूनही असायचे.

कारण ताई शिस्तीची. पसारा तिला खपायचा नाही. एकाच विषयावर दोन धागे दिसले की ती ते जोडून टाकायची. गप्पा गप्पांच्या जागी, मशीनं मशीनच्या जागी. तिने खुद्द बाबांनाही सोडलं नव्हतं. बाबांना मनात येईल ते, येईल तेव्हा लिहायची खोड, तेव्हा त्यांच्यासाठी तिने 'सहज आठवलं' नावाचा एक लांबलचक धागा काढून दिला होता आणि त्यांचं सगळं लिखाण ती त्यात नेऊन टाकायची. बाबा हसून म्हणायचे, "माझी पोर माझंच कपाट लावते." फोरमवरचे सगळे विषय तिला तोंडपाठ होते. तिला स्वतःला कधी काही शोधावंच लागायचं नाही, आणि नेमकी तिथेच गोम होती.

ही गोम बाहेर काढली बाइंडरकाकांनी. हे सत्तरीचे गृहस्थ, पुस्तकं बांधण्यात हयात गेलेली. त्यांनी डिंकाबद्दल काहीतरी विचारलं, ताईने बटण दाबलं, आणि काका बिथरले. त्यांनी थेट तिला फोन लावला.

"ताई, एक विनंती आहे. रागावू नका."

"बोला ना काका."

"तुम्ही स्वतः एकदा शोधून बघा हो. एकदाच. आम्हाला गेली कित्येक वर्षं शोधायला लावताय, तुम्ही कधी शोधलंयत का?"

ताई हसली. "अहो काका, डिंकावर तर आपल्याकडे पारायणं झालीयेत."

"मग करा ना सुरुवात. मी फोन धरून आहे."

ताईने शोधाच्या चौकटीत 'डिंक' लिहिलं आणि बटण दाबलं. समोर आलं: 'काहीही सापडले नाही.' तिने डोळे चोळले. 'गोंद' लिहून पाहिलं. काहीही सापडले नाही. 'चिकटवणे'. काहीही सापडले नाही. अरेच्चा! डिंकावरून लोक इथे एकमेकांच्या उरावर बसले होते, दोघे तर रागाने फोरम सोडून गेले होते, आणि शोध म्हणतोय काहीच नाही?

"काय ताई?" पलीकडून काकांचा मिस्कील आवाज आला. "सापडलं का काही?"

"काका," ती कसंबसं म्हणाली, "हे असं कधीपासून आहे?"

"असंच आहे की. पहिल्या दिवसापासून. आम्हाला वाटलं, तुमची काहीतरी युक्ती असेल, म्हणून कोणी बोललं नाही. तुमच्याशी कोण वाद घालणार बाई!"

अकरा वर्षं ती लोकांना ज्या विहिरीवर पाठवत होती, ती विहीर कोरडी होती, आणि हिने कधी त्यात डोकावलंही नव्हतं. शरमेने तिचे कान लाल झाले. तिने काकांची माफी मागितली आणि शाळेला सुट्टी लागल्या लागल्या पदर खोचून कामाला बसली.

दोष सापडायला तासभरसुद्धा लागला नाही. शोध फक्त धाग्यांच्या शीर्षकांत बघत होता. आतल्या मजकुराला तो हातच लावत नव्हता. आणि छापखानेवाले शीर्षक काय देणार? 'मदत हवी.' 'अर्जंट.' 'पुन्हा तेच.' एकाने तर नुसतं 'अरे देवा' लिहिलेलं. ह्यातून कोणाला डिंक सापडणार, कपाळ? दोन दिवस खपून ताईने नवा शोध बसवला. आता तो प्रत्येक उत्तरातला प्रत्येक शब्द बघत होता, जवळजवळचे शब्द जुळवत होता, जास्त उपयोगाचं उत्तर वर आणत होता. तिने पुन्हा 'डिंक' लिहिलं. तीनशे बारा! ताईने खुर्चीतल्या खुर्चीत टाळी वाजवली.

"काय गं, घबाड सापडलं का?" स्वयंपाकघरातून नवऱ्याने विचारलं.

"सापडलं, सापडलं! चहा टाक, मग सांगते."

इथेच ती उठली असती तर बरं झालं असतं. पण अंगात काम भिनलेलं. तिला वाटलं, लोक काय काय शोधतात हे कळलं तर शोध आणखी सुधारता येईल. फोरमच्या पोटात एक यादी आपोआप साठत होती, हे तिला त्या दोन दिवसांतच कळलं होतं. कोणी शोधलं, कधी शोधलं, काय शोधलं, किती सापडलं. अकरा वर्षांची यादी. तिने ती उघडली आणि सहज म्हणून प्रश्न टाकला: काहीही न सापडता एका बैठकीत सगळ्यात जास्त वेळा कोणी शोधलं?

पहिलं नाव आलं 'बोकोबा'. दीड तासात सव्वीस वेळा. सव्वीसच्या सव्वीस वेळा शून्य.

ताई आधी हसली. बोकोबा! काय पण नाव घेतात लोक. मग ते हसू ओठांवरच थिजलं. घरात लहानपणी एकच बोकोबा होता. दुधावरची साय पळवणारा, मिशीला साय लागलेली असताना "मी नाही" म्हणणारा. ते नाव तिनेच ठेवलं होतं, वयाच्या पाचव्या वर्षी. तिच्याशिवाय दादाला त्या नावाने कोणी हाक मारायचं नाही. आईसुद्धा नाही.

"नसेल," ती स्वतःशीच म्हणाली. "जगात काय एकच बोकोबा असतो?"

पण हात थांबेना. तिने ते सव्वीस शोध उघडले. एकाखाली एक ओळी आल्या.

११:५१ कटिंग मशीन पातं परत खाली येतं
११:५३ पातं आपोआप पडतं
११:५४ पातं दुसऱ्यांदा
११:५८ कागद अडकला पात्याखाली
१२:०६ मोटर बंद केल्यावर हात

अशा सव्वीस. मध्ये वीस मिनिटं खंड, मग पुन्हा सुरू. हळूहळू शब्द कमी होत गेले होते. शेवटी शेवटी तो नुसतं 'पातं' लिहीत होता. आणि सगळ्यात शेवटची ओळ: १:२३, जुना जुळारी.

बाबांचं नाव.

ताईने तारीख बघितली. बघायची गरज नव्हती, तरी बघितली. चार वर्षांपूर्वीची ती तारीख तिच्या घरात कोणी विसरणं शक्य नव्हतं. त्या दिवशी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी वहिनीचा फोन आला होता. वहिनीला बोलता येत नव्हतं, नुसती "हात, हात" म्हणत होती. कटिंग मशीनने दादाच्या डाव्या हाताची दोन बोटं नेली होती.

नवरा चहा घेऊन आला आणि दारातच थबकला. "काय झालं? अगं, चेहरा बघ तुझा!"

ताईने नुसतं पडद्याकडे बोट दाखवलं. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि कप टेबलावर ठेवला.

"दादांनी शोधलं होतं," तो म्हणाला. "म्हणजे त्यांनी आधी विचारलंही असेल?"

हा प्रश्न ताईच्या मनात केव्हाच येऊन बसला होता, ती फक्त त्याच्याकडे बघायला धजत नव्हती. तिने बोकोबाच्या नावावरचे धागे काढले. एकच होता. शीर्षक: 'मदत हवी.' वेळ: ११:४२.

'वडिलांचं जुनं कटिंग मशीन आहे. पातं कापून वर जातं, पण मधूनच आपोआप परत खाली येतं. आत कागदाचा गठ्ठा अडकला आहे. मोटर बंद करून हात घातला तर चालेल का? मला ह्यातलं फारसं कळत नाही. कृपया कोणीतरी लगेच सांगा.'

त्याच्या खाली, ११:४३ ला: 'आधी शोधा, मग विचारा. धागा बंद. – ताई.'

एक मिनिट. त्याच्या जिवाची किंमत तिने एक मिनिट केली होती. मिनिट तरी कसलं, तिच्या पडद्यावर तेव्हा फक्त शीर्षक आणि पहिली ओळ दिसायची. 'मदत हवी' दिसलं की बोट आपसूक बटणावर जायचं. तिने नाव वाचलं नव्हतं. प्रश्न वाचला नव्हता. कदाचित त्या वेळी ती शाळेत मधल्या सुट्टीत डबा खात असेल, एका हातात घास आणि एका हातात फोन.

"मी वाचलंच नाही रे," ती नवऱ्याला म्हणाली. "मोटर बंद करून हात घातला तर चालेल का, असं त्याने विचारलं होतं. आणि मी वाचलंच नाही."

ती ओक्साबोक्शी रडली असती तर नवऱ्याला बरं वाटलं असतं. पण ती कोरड्या डोळ्यांनी नुसती त्या ओळीकडे बघत बसली.

दादाने तिला थेट फोन का केला नाही, हे तिला चांगलंच ठाऊक होतं. बाबा गेल्यावर महिन्याभराने दादा छापखान्यात आला. तोवर तो एका कागदकंपनीत नमुने घेऊन गावोगाव हिंडायचा. मशीनला त्याने कधी हात लावला नव्हता. छापखाना विकू नकोस म्हणून आई रडली, म्हणून त्याने नोकरी सोडली. आणि ताईला काय वाटलं? आपल्याला बाबांचं काम कळतं आणि मशीनं मात्र ह्याला मिळाली. त्या रागात, दोन कामगारांच्या देखत, ती त्याला म्हणाली होती, "नमुने दाखवून ऑर्डरी आणणं वेगळं आणि मशीन चालवणं वेगळं. अडलं की फोरमवर शोध. सगळं तिथे आहे. मला फोन करू नकोस."

त्याने केला नाही फोन. तिने सांगितलं तसंच केलं. अगदी शब्दाला शब्द.

आणि नंतर? दवाखान्यात त्याच्या पलंगाशी उभी राहून हीच बाई म्हणाली होती, "तुझी घाई नडली तुला." त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. तेव्हापासून तो तिच्याशी नीट बोलतच नव्हता. आईच्या घरी भेट झाली तर "बरी आहेस?" एवढंच, तेही वहिनीने कोपर मारल्यावर. ताई सगळ्यांना सांगायची, "बोटं ह्याने घालवली आणि रुसवा माझ्यावर!" सगळे मान डोलवायचे. दादा उतावळा, हे सगळ्या नातेवाइकांत ठरूनच गेलं होतं.

आता तिने नव्या शोधात त्याचेच शब्द लिहिले. 'पातं आपोआप पडतं.' क्षणभरात उत्तर आलं. सगळ्यात वर, 'सहज आठवलं' ह्या धाग्यातलं, नऊ वर्षांपूर्वीचं. जुना जुळारी. उताऱ्याच्या सुरुवातीच्या चार ओळी तिथेच दिसत होत्या.

'मित्रहो, मोटर बंद केली म्हणजे कटिंग मशीन बंद झालं असं कधीही समजू नका. बाजूचं मोठं चाक चांगली तीन-चार मिनिटं फिरत राहतं, आणि ब्रेकचा पट्टा झिजला असेल तर तेवढ्यात पातं पुन्हा उतरतं.'

ताईने लॅपटॉप धाडकन मिटला. पुढचं तिच्याने वाचवेना.

"उद्या जा," नवरा म्हणाला. "आत्ता तुझी अवस्था नाही."

"चार वर्षं झाली. आणखी उद्या कशाला?" असं म्हणून तिने मिटलेला लॅपटॉप पिशवीत टाकला आणि चपला पायात सरकवल्या.

छापखाना दोन गल्ल्या सोडून होता. रविवार असल्यामुळे शटर अर्धं खाली होतं. आत वहिनी टेबलावर छापलेल्या पावत्यांचे गठ्ठे लावत होती. शाई आणि रॉकेलचा तोच ओळखीचा वास. कोपऱ्यात ते मशीन उभं होतं, हिरव्या रंगाचं, बाबांच्या खांद्याएवढं. त्याच्या चाकाभोवती आता लोखंडी जाळी होती आणि वर लाल अक्षरांत लिहिलं होतं: चाक थांबल्याशिवाय हात नाही.

"अगंबाई, ताई!" वहिनी दचकलीच. "आई बऱ्या आहेत ना?"

"आई ठीक आहे, वहिनी. दादा कुठेय?"

दादा आतून हात पुसत आला. पन्नाशीला टेकलेला, डोक्यावर विरळ केस. तिला बघून त्याचा चेहरा बंद झाला, नेहमीसारखा. "बरी आहेस?" त्याने विचारलं, आणि ह्या वेळी वहिनीने कोपरही मारलं नव्हतं.

"दादा," ताई म्हणाली. "बोकोबा तू होतास?"

दादा पुसता पुसता थांबला. वहिनीने एकदा ह्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. तिला काही उलगडा होत नव्हता.

"आज विचारतेस?" दादा म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण त्यात असं काही होतं की ताईला मार खाल्ल्यासारखं झालं. "दुसरं कोण असणार? तुला कळावं म्हणून तर ते नाव घेतलं. म्हटलं, फोन करू नको म्हणालीये, तिचा शब्द मोडायला नको. पण हे नाव बघितल्यावर तिच्या लक्षात येईल, हसेल आणि फोन करेल. तू एका मिनिटात धागा बंद केलास."

"दादा, मी..."

"चार वर्षं मी गिळून बसलोय. हिलासुद्धा सांगितलं नाही. काय सांगू? माझ्या सख्ख्या बहिणीला माहीत होतं की मी अडचणीत आहे, माझा हात मशीनमध्ये जाणार आहे, आणि तिने मुद्दाम दार लावलं, हे सांगू?"

वहिनीच्या हातातला गठ्ठा खाली पडला. "काय बोलताय तुम्ही?"

घरून निघताना ताईने स्वतःला हवे तेवढे बोल लावून घेतले होते, पण हे तिच्या मनातही आलं नव्हतं. दादा तिला बेपर्वा समजत नव्हता. तो तिला दुष्ट समजत होता. चार वर्षं, आईच्या घरी समोरासमोर जेवताना, तो असं समजून घास गिळत होता.

"मी नाव वाचलंच नव्हतं," ती म्हणाली. "तुझी शपथ दादा. नाव नाही, प्रश्न नाही, काहीच नाही. फक्त बटण दाबलं. मला आज कळलं. आत्ता, तासाभरापूर्वी."

"वाचलं नव्हतंस?"

"नाही."

"एक अक्षरही?"

"नाही रे."

दादा स्टुलावर बसला. त्याने डाव्या हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तो रागावेल, ओरडेल, असं वाटत होतं. पण तो चक्रावलेला दिसत होता, बराच वेळ चुकीच्या दारावर धक्के दिलेल्या माणसासारखा.

"मी तर तुझ्यावर इतका रागावलो होतो," तो हळूच म्हणाला. "आता तो राग ठेवू कुठे?"

वहिनी डोळ्यांना पदर लावून खाली पडलेल्या पावत्या गोळा करायला लागली. ताईने त्याला सगळं सांगितलं. बाइंडरकाकांचा फोन, कोरडा शोध, ती यादी, सव्वीस ओळी. दवाखान्यातल्या त्या वाक्याबद्दल हात जोडून माफी मागितली. दादाने मान हलवली, ती हो होती की नाही, ते कळलं नाही.

"मी मोटर बंद केली होती," तो एकदम म्हणाला. "कोणाचा विश्वास बसला नाही. सगळे म्हणाले, ह्याला धीरच नाही. अगं, दीड तास धीर धरला मी. मोटर बंद केली, पाण्याचा घोट घेतला, आणि मग हात घातला."

"बाबांनी लिहून ठेवलं होतं," ताई म्हणाली. "चाक फिरत राहतं म्हणून. ते तुला सापडलं नाही, कारण शोधच बिघडलेला होता."

"बाबांनी?" दादाचे डोळे मोठे झाले. "कुठाय? दाखव."

तिने लॅपटॉप उघडून त्याच्यासमोर ठेवला. दादाने स्वतःच लिहिलं, एकेक अक्षर हुडकत, उरलेल्या बोटांनी. 'पातं आपोआप पडतं.' वरच्याच ओळीला बाबा आले. त्याने त्यावर टिचकी मारली आणि पूर्ण उतारा उघडला. मग तो मोठ्याने वाचायला लागला, लहानपणी धडा वाचायचा तसा, थांबत थांबत. मोठं चाक. झिजलेला पट्टा. पात्याखाली लाकडी ठोकळा सरकवल्याशिवाय आत बोटसुद्धा घालू नका. आणि शेवटी:

'माझा थोरला अजून ह्या कामात आलेला नाही. आला तर पहिल्या दिवशी पहिली गोष्ट मी त्याला हीच दाखवणार आहे. पोरगा गुणाचा आहे, सांगितलेलं ऐकतो. फक्त सांगणारा वेळेवर हवा.'

दादा वाचायचा थांबला. तो उताऱ्याखाली तसाच बघत राहिला. मग त्याने कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय गं खाली, बारीक अक्षरात?"

ताईने वाकून पाहिलं. करड्या रंगाची एक ओळ होती. घरी लॅपटॉप मिटण्याच्या घाईत ती तिथवर पोचलीच नव्हती. तिने ती वाचली.

'मूळ धागा: "कटिंग मशीनचं पातं आपोआप पडतं, मोटर बंद केली तरी हात घालू नका." हा धागा "सहज आठवलं" मध्ये जोडला आहे. – ताई.'

दादाला ह्यातलं काही कळलं नसतं. तो तिच्याकडे नुसता बघत होता, जसं एखाद्या शब्दाचा अर्थ विचारावा तसं. ती "काही नाही, फोरमची नोंद आहे" म्हणाली असती तर त्याने मान डोलवली असती आणि विषय तिथेच मिटला असता. नुकता कुठे तो तिच्याशी चार वाक्यं बोलला होता.

"दादा," ती म्हणाली, "बाबांनी हे वेगळं लिहिलं होतं. ह्याच नावाने, ठळक. जुना शोध फक्त नावं बघायचा. हे नाव तसंच राहिलं असतं तर तुला सापडलं असतं. तू 'पातं आपोआप पडतं' लिहिलंस ना, ११:५३ ला? तेव्हाच सापडलं असतं." तिने त्या करड्या ओळीवर बोट ठेवलं. "मी ते उचलून गप्पांत टाकलं. पसारा नको म्हणून. तेही न वाचता."

वहिनी "अगं आई गं" म्हणाली.

दादाने मशीनच्या जाळीकडे पाहिलं. बाहेरून कोणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. ताईला वाटलं, आता हा मला हाकलून देणार, आणि दिलं तर ते रास्तच आहे.

"हे परत बाहेर काढता येतं?" शेवटी त्याने विचारलं.

"येतं."

"बाबांनी दिलेलं नाव लावून?"

"हो."

"काढ. आत्ता, माझ्यासमोर. आणि ते तुझं बटण आहे ना, ते मोड."

तिने दोन्ही केलं. डोळ्यांतल्या पाण्याने पडदा धूसर दिसत होता, तीनदा चुकलं, तरी केलं. बाबांचा धागा नऊ वर्षांनी आपल्या नावानिशी फोरमच्या पहिल्या पानावर जाऊन बसला. दादाने खिशातून स्वतःचा फोन काढला आणि पाठमोरा होऊन काहीतरी लिहायला लागला. त्याला वेळ लागत होता. ताई लॅपटॉपकडे बघत उभी राहिली.

थोड्या वेळाने बाबांच्या उताऱ्याखाली पहिलं उत्तर उमटलं.

'बोकोबा: वाचलं, बाबा. उशीर झाला.'